बांधावरची जोड

पेण ते रोहा या सगळ्या पट्ट्यात माझ्याएवढे नाग कुणाच्या हातून गेले नसतील. सगळे मातीचे होते, गणपतीच्या पोटावरचे, आणि त्यातले निम्मे मालकानं मला परत खरडायला लावले.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी हंगामी माणूस. श्रावण लागला की कासूला गाडी पकडायची, पेणला उतरायचं, आणि रंगात बसायचं. ज्याचा हात थरथरत नाय तो देवाच्या डोळ्यांची आखणी करतो. त्याच्या खालचा सोंडेवर नाहीतर मुकुटावर. मला दिला पायाजवळचा उंदीर आणि पोटावरचा नाग. मालक म्हणाले, "नामा, तुला बिघडवायला एवढं पुरं." एकदा मी नागाला पिवळे पट्टे मारले, जरा उठून दिसावा म्हणून. मालकानं मूर्ती फिरवून बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. "देवाला थंडी वाजते का रं? मफलर गुंडाळलास तो?"

तर दर श्रावणात असं होतं. बाहेर ऊन-पावसाचा खेळ, आत ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास, आणि माझ्या ब्रशाखाली नागाचे खवले. एक खवला, त्याच्या पुढं दुसरा. दहा-बारा खवले झाले की माझा हात आपोआप थांबतो. शेजारचे म्हणतात, नामा झोपला. मी झोपत नाय. मी खाजणात, आमच्या खाडीकाठच्या खारवट शेतात जातो. तो श्रावण आठवतो. आता गाडी रोह्याच्या पुढं पार तळकोकणात जाते, तेव्हा ती रोह्यालाच संपायची, त्या सालांतला श्रावण.

आमचं गाव कासूच्या मागं, धरमतरच्या खाडीकडं तोंड करून बसलेलं. मध्ये मातीचा बांध. बांधाच्या बाहेर खारं पाणी, तिवरं, चिखल. बांधाच्या आत गोडं पाणी आणि भात. आमचा सगळा संसार त्या मातीच्या बांधाच्या भरवशावर. त्याच्यावर उभं राहिलं की एका कानात खाडीतल्या बार्जचं इंजिन, दुसऱ्या कानात बेडूक.

जनावरं पण तशीच वाटलेली. साप म्हणायचं नाय, जनावर म्हणायचं, आमच्यात तशी रीत. बाहेरच्या चिखलात एक राखाडी, चपट्या तोंडाचं जनावर असायचं, भरतीच्या पाण्यात चिंबोऱ्यांच्या मागं. त्याला आमच्यात नावच नाय. बांधाच्या आत, भाताच्या पाण्यात दिवड. शेणाच्या ढिगाजवळ नानेटी, एवढी गरीब की पोरं हातावर घ्यायची. कुंपणावर हरणटोळ, हिरवागार. एकदा मी वालाचा वेल समजून बाजूला सारायला गेलो आणि वेलानं माझ्याकडं मान वळवून बघितलं. घरात पाली खायला येणारा कवड्या, त्याला सगळे मण्यार समजून मारायचे. माझी सासुरवाडी खांब गावची. तिकडं डोंगर जवळ, अजगराची पिल्लं निघायची, ती घोणस म्हणून मारायचे. मी जावईमाणूस, माझ्या हातात मान म्हणून काठी द्यायचे. मी ती काठी मान म्हणून पुढच्याला द्यायचो.

दिवड तर माझ्या अंगठ्याला चावलेली हाय. साप चावला असं आमी म्हणत नाय, पान लागलं म्हणतो. मी बांधावरून ओरडत आलो, "पान लागलं, पान लागलं." मला बाजेवर घातलं, चौघांनी उचललं. वाटेत मी सगळं वाटून टाकलं. बैल भावाला, जाळं मेव्हण्याला, बायकोला माफी. पेणच्या दवाखान्यात डॉक्टरनं अंगठा धुतला, दात मोजले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. म्हणाला, हे पाण्यातलं हाय, याला विष नसतं, चालत घरी जा. बाज परत न्यायची होती. ती मी डोक्यावर घेऊन आलो. बैल मात्र भावानं बरेच दिवस परत दिला नाय.

हे सगळं हसण्यासारखं हाय, मी हसतोच. पण हात थांबतो तो याच्यासाठी नाय.

माझी बायको हिरा. लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात पाळणा नाय. नवस झाले, पेणचा डॉक्टर झाला, खांबचा भगत झाला. बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचं टाळलं नाय, पण ओटी भरताना हात जरा आखडायचे. ती कधी बोलली नाय. ती बोलत नाय म्हणून मी जास्त बोलायचो. गप्प घरात कुणीतरी वाजलं पाहिजे ना.

लावणी होऊन गेलेली, भात गुडघ्याच्या वर आलेला. आमी दोघं बेणायला, म्हणजे भातातलं तण काढायला गेलो होतो. दुपारची उघडीप होती. ओल्या बांधावर ऊन पडलं की त्याला एक वास येतो, मडकं नुकतं भिजवल्यासारखा. हिरा पुढं चालत होती. ती थांबली आणि मागं हात करून मला थांबवलं.

बांधावर दोन धामणी. चांगल्या मनगटाएवढ्या जाड. एकमेकींना सुंभ वळावा तसे पीळ घातलेले, आणि कमरेएवढ्या उंच उभ्या. एक वर गेली की दुसरी तिच्या वर. मग दोघी आडव्या, परत उभ्या. पोटं पिवळी, उन्हात पितळेसारखी. आवाज नुसता गवताचा. माझ्या आयुष्यात मी गप्प राहिलो असेन तर तेवढा वेळ.

आता हे ज्याला ठाऊक नाय त्याला सांगतो. अशी जोड लागलेली दिसली की तिच्यावर कोरं कापड टाकायचं आणि मागं न बघता निघायचं. जनावरं गेली की ते कापड उचलून पेटीत ठेवायचं. त्या घरात बरकत येते, बाईची कूस उजवते. सगळ्यांना हे ठाऊक असतं, फक्त जोड दिसते तेव्हा कापड कुणाकडं नसतं.

"अवो," हिरा हळूच म्हणाली, "काहीतरी टाका."

"काय टाकू?"

"लुंगी कोरी हाय ना?"

"आजच नेसलोय."

"मग सोडा."

सोडली. आत पट्ट्यापट्ट्याची चड्डी, तिला मागून ठिगळ. लुंगी फेकली ती पहिल्यांदा माझ्याच पायात पडली. दुसऱ्यांदा नेम बसला. शेजारच्या खाचरात बायका बेणत होत्या, त्या सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या गोमाची आई, ऐंशीला टेकलेली बाई, तिथून म्हणाली, "अरे नाम्या, वळ तिकडं. जनावरं लाजतील."

हिरा हसली. बांधावर बसली आणि डोळ्याला पदर लावून हसली. मी ठिगळ झाकत उभा होतो, आणि मला वाटलं, कूस उजवो न उजवो, एवढं तरी झालं.

लुंगी पेटीत गेली. पण हिराच्या मनात एक बसलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं, जोडीतलं जनावर मेलं तर कापडाचा गुण जातो. झालं. त्या दिवसापासून ती बांधाची राखणदार. सकाळी बांध, संध्याकाळी बांध. एक धामण उघडीजवळच्या दगडांत राहायची. उघडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. दुसरी पुढं भेंडीच्या झाडाच्या बुंध्यात. मी कारखान्यातून आलो की मला भाताच्या आधी धामणींची खबर मिळायची. आज कात टाकली. आज उंदीर धरला, शेपूट बराच वेळ बाहेर होतं. ज्या बाईच्या तोंडातून दिवसाला चार शब्द निघायचे, ती मला उंदराचं शेपूट हातानं करून दाखवायची.

मग गोमाची म्हैस आटली. गोमा माझा शेजारी, मनानं वाईट नाय, पण डोकं म्हशीपेक्षा थोडं तापट. धामण दावणीला येते, म्हशीच्या पायाला विळखा घालते आणि दूध पिते, असं आमच्याकडं सगळे मानतात. गोमा काठी घेऊन उघडीवर आला. हिरा तिथंच होती.

"वयनी, बाजूला व्हा. माझी म्हैस आटलीय."

"म्हैस आटली तर वैरण घाल तिला. धामणीला का मारतोस?"

"धामण पिते दूध."

"पिते तर पिऊ दे. तुझ्या घरात पिणारी माणसं काय कमी हायत?"

बांधावर जमलेले सगळे हसले. गोमाच्या पिण्याची कीर्ती पार कासू स्टेशनापर्यंत होती. तो पण हसला, आणि हसलेला माणूस काठी उचलत नाय. पण हिरा हसली नाय. ती म्हणाली, "गोमाभावजी, माझी ओटी हाय त्यांच्यात. एवढं वर्ष जाऊ दे."

गोमानं काठी खाली केली. गावात बातमी झाली, बांधावरच्या धामणी हिराच्या. आणि गंमत बघा, धामण कुठली, दिवड कुठली, हे लांबून कुणाला कळतंय? उगाच चूक नको म्हणून त्या बांधावर कुणी कशावरच काठी उचलेना. दिवड बिनधास्त वाटेवर ऊन खात पडायची. नानेटी पायावरून जायची. ते चपट्या तोंडाचं बिननावाचं जनावर भरतीबरोबर उघडीच्या दगडापर्यंत यायचं. श्रावण, भादवा, आमचा बांध म्हणजे जनावरांचं माहेर झालं होतं. मी कारखान्यात सांगायचो, माझ्या बायकोला साप राखायला दिलेत आणि मला रंगवायला. कुणाला खरं वाटायचं नाय.

भात निसवलं. लोंब्या दुधात होत्या, वारा आला की सगळ्या खाजणाला तांदळाचा गोडसर वास सुटायचा. हिराला वाटलं, एवढ्या एका वर्षाच्या बोलीवर भरवसा किती ठेवायचा. गावाला कुणीतरी नीट समजावलं पाहिजे. तिच्या माहेरच्या नात्यातला विलास म्हणून तरुण माणूस होता. रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा, आणि शिफ्ट सुटली की सापांच्या मागं. कुणाच्या घरात निघाला की पकडायचा आणि डोंगरात नेऊन सोडायचा. हिरानं त्याला निरोप धाडला, येऊन आमच्या लोकांना सांग.

विलास आला. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीनं कासूला उतरला, डोळे लाल. शाळेच्या पडवीत गाव जमलं. त्यानं मोठी चित्रं टांगली. विषारी कुठले, बिनविषारी कुठले. दिवडीचं चित्र आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. मग धामण. तो कळकळीनं बोलला. हिला विष नाय. ही दूध पीत नाय, पिऊच शकत नाय. ही नागाची बायको पण नाय, हिची जातच वेगळी. ही शेतातले उंदीर खाते. ही गेली तर तुमचं भात उंदीर नेतील, बांध पोखरतील. असे साप आता कमी कमी होत चाललेत, ते राखायला पायजेत.

गोमा मागून म्हणाला, "आणि ती जोड लागते ती?"

विलास खरा माणूस. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाय. म्हणाला, "काका, ती जोड नसते. ते दोन्ही नर असतात. माजावर आले की ताकद आजमावतात. कुस्तीच म्हणा."

मग एकेक मान माझ्याकडं वळायला लागली. मला शांतता सोसत नाय, जन्माची खोड. मी म्हणालो, "म्हणजे मी आखाड्यात लुंगी टाकून आलो." पत्रे हलतील एवढं गाव हसलं. बायकांच्या रांगेत हिरा बसली होती. ती भिंतीवरच्या धामणीच्या चित्राकडं बघत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "ऐकलंस ना गो? दोन्ही नर."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. मी त्यांच्या लग्नाला गेले होते काय? हायत ना जिवंत, बस झालं."

मला वाटलं, संपलं. बाईनं पचवलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातले राहिलेले पैसे आणायला गाडीला निघालो तर उघडीजवळ चार माणसं उभी. मध्ये धामण. डोकं ठेचलेलं, शेपूट अजून हलत होतं, आपल्याला अजून कुणी सांगितलं नाय अशासारखं. गोमाच्या हातात काठी. हिरा माझ्या आधी पोचली होती.

गोमा शरमलेला नव्हता, उलट समजावत होता. "वयनी, तुमच्या भावानंच काल सांगितलं. तिच्यात काय नाय म्हणून."

"विष नाय म्हणाला तो."

"तेच ते. काय नाय."

मी पुष्कळ शब्द वाया घालवलेत आयुष्यात. पण एवढासा शब्द इकडचा तिकडं होऊन जीव गेलेला मी तेव्हाच बघितला. विलासनं सांगितलं विष नाय. गावानं ऐकलं, काय नाय. नागाची बायको नाय, जोड नाय, ओटी नाय. मग उरलं काय, एक लांबडं जनावर आणि हातातली काठी. मारायला भीती लागते असं आमी समजायचो. कोण जाणे, भीती गेल्यावर काठी जास्तच हलकी झाली असेल. मी अडाणी माणूस, मला याचा उलगडा झालेला नाय.

हिरा घरी गेली. पेटी उघडल्याचा आवाज मला बांधापर्यंत आला असं वाटलं, खरं म्हणजे येणं शक्य नाय. ती लुंगी घेऊन आली. घडी अजून मोडलेली नव्हती. धामण तिच्यात गुंडाळली, जशी ल्हान लेकराला गुंडाळतात, तोंडावरून एक पदर घेऊन. बांधाच्या आतल्या अंगाला हातानंच माती उकरली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "राहू दे." गोमानं काठी खाडीत फेकली आणि दुसरीकडं बघत राहिला. दुसरी धामण आम्हाला पुन्हा दिसली नाय.

त्या दिवसानंतर आमच्या घरात मुलाचं नाव निघालं नाय. भांडण नाय, रडणं नाय. नुसतं निघालं नाय. पेटी रिकामी होती, तिच्यात हिरानं मिरच्या भरल्या.

विलासला कुणीतरी सांगितलं. तो रोह्याहून परत आला. उघडीच्या दगडावर बसला आणि कंपनीची टोपी हातात फिरवत राहिला. "ताई, मी बोलायला नको होतं."

"तू खरं बोललास," हिरा म्हणाली. "गावानं कुस्ती तेवढी ऐकली. चल, जेवून घे, तुझी पाळी असेल."

पुढं त्या बांधाचं काय झालं ते सगळ्या खाजणाला ठाऊक हाय. उंदीर वाढले. लोकांनी औषध टाकलं, औषध खाल्लेले उंदीर दिवडीनं खाल्ले असतील नाहीतर घुबडांनी, दोघं कमी झाले. पुढच्या पावसात उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत आलं. उंदरांनी पोखरला म्हणा, चिंबोऱ्यांनी पोखरला म्हणा, माती टाकायला लोकं आली नाहीत म्हणा. मी एकट्या कुणावर घालत नाय. पण हिरव्या भाताचा रंग बदलून वाळल्या गवतासारखा झालेला मी बघितला, आणि त्या पाण्यावर बेडूक नव्हते. बेडूक नसले की रात्र किती लांब होते ते शहरातल्या माणसाला नाय कळणार.

खांड बांधली. काही पावसाळे मीठ धुण्यात गेले. आता भात येतं, पयल्यासारखं नाय, पण येतं. आता पोरं नानेटी हातावर घेत नाहीत, त्यांना ती ठाऊकच नाय. ते चपट्या तोंडाचं जनावर मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाय, आणि नाव नसल्यामुळं चौकशी तरी कुणाकडं करायची. "ते राखाडी," म्हटलं की लोक विचारतात, "कुठलं राखाडी?" विलास वर्षातून एकदा येतो. त्याचे केस पिकायला लागलेत. आल्या आल्या हिराला विचारतो, दिसली का गो ताई? ती नुसती मान हलवते. गोमानं मारायचं सोडलं, पण आता मारायला काय उरलं नाय, तर सोडलं म्हणण्यात पण काय अर्थ.

हिरा मात्र श्रावण लागला की संध्याकाळची बांधावर जाते. कशाला म्हणून मी कधी विचारलं नाय. मला वाटायचं पुरलेल्या धामणीच्या मातीजवळ जाऊन बसते.

परवा मी कारखान्यातून लवकर सुटलो. पाऊस नव्हता, उजेड होता. म्हटलं आज आपण पण जाऊ. ती उघडीजवळ बसलेली, गुडघ्याला हात बांधून, पाण्याकडं पाठ करून. मी शेजारी बसलो. खाडीवर पाणी चढत होतं. भात गुडघाभर झालेलं. आणि मला एकदम भरून आलं. मी बोलायला लागलो. म्हटलं, हिरे, काय दिवस होते गो. या बांधावर पाऊल टाकायला जागा नसायची. आपण सगळं घालवलं. एक धामण उरली नाय या खाजणात, एक. आता जन्मात नाय दिसायची. आपलं पण तसंच, मागं कोण नाय, पुढं कोण नाय. माझा आवाज कापरा झाला होता, मलाच तो फार चांगला वाटला. मी म्हटलं, देवानं आपल्या दोघांना या ओसाड बांधावर...

तिनं माझ्याकडं बघितलं नाय. दगडांकडंच बघत होती.

"मघापर्यंत होती एक. ल्हान हाय अजून, हातभर. तुमी तोंड उघडलंत, गेली आत. आता गप बसा, नायतर घरी जा."